अर्धं सलाईन आणि मोडलेला उपास

देवापुढे हात जोडावेत, कमरेवर ठेवू नयेत, असं माझ्या सासूबाई म्हणायच्या. कमरेवर हात ठेवण्याचा मान देवाचा, आपला नाही. त्यांचं म्हणणं मला पटायचं, पण जमलं कधीच नाही. आमची कुलस्वामिनी माहूरची रेणुका. तिच्या तसबिरीपुढे उभी राहिले की माझे हात आपोआप कमरेवर जातात. मागायचं कमी आणि जाब विचारायचा जास्त, अशी माझी भक्ती. त्यामुळे माझ्यासारखीने असा अनुभव लिहावा की नाही, याचा मी बराच काळ विचार केला. देवाचं नाव घेताच ज्यांच्या डोळ्यांत पाणी येतं, त्यांनी असं लिहावं. माझ्या डोळ्यांत आधी राग येतो. पण जे घडलं ते घडलं, आणि ज्या बाईमुळे घडलं तिचे आभार मानायला माझ्याकडे दुसरी जागा नाही. म्हणून लिहिते आहे.

कोरोनाची दुसरी लाट ओसरत आली होती. आमच्या गाझियाबादच्या सोसायटीत रुग्णवाहिकांचे भोंगे कमी झाले होते, लोक पुन्हा खाली उतरून भाजीवाल्याशी घासाघीस करायला लागले होते, आणि नेमका तेव्हा मला ताप आला. साऱ्या गावाची लाट ओसरल्यावर माझ्या दारात पाणी शिरलं. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तेव्हा मी रडले नाही. खोलीत कोंडून घेण्याआधी सरळ देवघरासमोर गेले आणि म्हणाले, "आई, हे काही बरं नाही केलंस. मी एकटी असते तर गोष्ट वेगळी होती. माझ्या पोटात दुसऱ्याची ठेव आहे."

ती ठेव म्हणजे यांची किडनी. काही वर्षांपूर्वी माझ्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. हे केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात नोकरीला, आम्ही तेव्हा लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. डॉक्टरांनी देणारा शोधा म्हटल्यावर मी माहेरच्या कुणाकुणाची नावं काढत बसले, आणि यांनी मला न विचारता स्वतःच्या तपासण्या करून घेतल्या. जुळलं. "सरकारी खात्यात एका माणसावर दोघांचं काम चालतंच," एवढंच बोलले आणि सह्या करून मोकळे झाले. यांच्या घरच्यांना ते रुचलं नाही. बायकोने नवऱ्याला द्यावी, हे त्यांच्या पोथीत बसत होतं. नवऱ्याने बायकोला द्यावी, हे बसत नव्हतं. ती नाराजी पुढे कधी कुणी बोलून दाखवली नाही, पण भाजीत मीठ कमी पडल्यासारखी ती प्रत्येक भेटीत जाणवायची. तेव्हापासून माझ्या मनात एकच ध्यास. या माणसाने स्वतःच्या अंगातून काढून दिलेली वस्तू माझ्या हातून वाया जाता कामा नये.

वटपौर्णिमेचा उपास मी तेव्हापासूनच धरला. त्याआधी मी त्या उपासाची टिंगल करायची. क्वार्टरमधल्या मराठी बायका नटूनथटून वडाला फेऱ्या घालायला निघाल्या की मी खिडकीतून म्हणायची, "सात जन्म तोच? एकदा तरी बदलून बघा गं!" ऑपरेशननंतरच्या पहिल्या पौर्णिमेला मीच हातात दोऱ्याचं रीळ घेऊन त्यांच्यात जाऊन उभी राहिले, तेव्हा त्यांनी मला सोडलं नाही. "तुला कशाला हवा वड? तुझा नवरा तर तुझ्या पोटातच आहे," असं म्हणून सगळ्या खो खो हसल्या. मीही हसले. पण मला त्या व्रतातली एक गोष्ट तेव्हा पहिल्यांदा उमगली होती. व्रतकथेतली ती बाई यमाच्या पाया पडून थांबली नाही. त्याच्या मागे मागे चालत गेली, त्याच्याशी बोलत राहिली, आणि बोलून बोलून त्याला अडवलं. हुज्जत घालणारी भक्ती आपल्याकडे आहे, आणि तिच्या नावाने पौर्णिमा आहे, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं.

तापाची बातमी कळताच आमच्या किडनीच्या डॉक्टरीणबाईंनी फोनवर स्पष्ट सांगितलं. परकी किडनी शरीराने झिडकारू नये म्हणून माझी लढण्याची ताकद गोळ्यांनी मुद्दामच मंद ठेवलेली. लशीचा परिणामही अशा माणसांवर बेताचाच. तेव्हा आजार छातीत उतरायची वाट न बघता अँटीबॉडीचं सलाईन घ्यायचं. या विषाणूशी लढणारे जे शिपाई शरीराने तयार करायचे असतात, ते बाहेर तयार करून शिरेतून आत सोडायचे. "त्रास होऊ शकतो," त्या म्हणाल्या. थंडी वाजेल, ताप चढेल, अंगावर गांध्या उठतील, बीपी उतरेल, क्वचित श्वासालाही त्रास होतो. बहुतेकांना काही होत नाही, पण देताना आणि दिल्यानंतर लक्ष ठेवावं लागतं. "काहीही वाटलं तर लगेच सांगायचं. तुमचा स्वभाव मला माहीत आहे, सहन करत बसू नका." दुसऱ्याच दिवशीची वेळ मिळाली. कॅलेंडरकडे बघितलं तर वटपौर्णिमा.

आमच्या सोसायटीत हे कुणाच्या गावीही नव्हतं, कारण इकडच्या बायकांचं वडाचं व्रत पंधरा दिवस आधी, अमावास्येलाच उरकतं. संध्याकाळी नांदेडहून माझ्या दिरांचा फोन आला. भाऊजी माणूस वाईट नाही, पण त्यांना मोबाइलवर आलेली प्रत्येक गोष्ट वेदवाक्य वाटते. "वहिनी, हे सगळं प्रयोगाचं काम आहे. शिरेतून काय सोडतील त्याचा नेम नाही. त्यापेक्षा आईवर सोडा. देव तारी त्याला कोण मारी." मी म्हटलं, "भाऊजी, बरोबर आहे. पण तारायला देव स्वतः सुई घेऊन येत नाही, कुणाला तरी पाठवतो." त्यांना ते पटलेलं नव्हतं. खरं सांगायचं तर, सलाईनमुळेच काही झालं तर हात दाखवून अवलक्षण, ही भीती मलाही होती. ती मी कुणाला दिसू दिली नाही.

सकाळी बंद खोलीत मी पाटावर गंधाने वड काढला. जमेल तसा पारंब्यांचा वड, त्याच्याभोवती दोरा गुंडाळला. मग रेणुकेला म्हणाले, "बघ, मी आज उपाशी जाते आहे. तू या माणसाला सुखरूप ठेव, आणि त्याची ठेवही सुखरूप ठेव. मी माझं काम करते, तू तुझं कर." गोळ्यांपुरतं पाणी, बाकी दिवसभर तोंडात काही नाही, असं मी ठरवलं. माझ्यासारखीने असं राहायचं नसतं. पाणी भरपूर प्यायचं आणि खाऊन गोळ्या घ्यायच्या, हे डॉक्टरीणबाईंनी शंभरदा बजावलेलं. यांनी दारात पोह्यांची बशी ठेवली, "गरम आहेत तोवर खा," म्हणाले, आणि मी ते पोहे खिडकीच्या कठड्यावर कबुतरांना घातले. रिकामी बशी बघून यांना समाधान वाटलं. माझी भक्ती ही अशी, नवऱ्याच्या आयुष्यासाठी नवऱ्यालाच फसवणारी.

हॉस्पिटलपर्यंत यांनीच गाडी चालवली, सगळ्या काचा उघड्या, तोंडाला दोन दोन मास्क. जूनची दिल्ली होती, अंगावर गरम वाफ येत होती. फाटकापाशी यांना थांबवलं आणि मला एकटीला आत नेलं. आतल्या हॉलमध्ये ऐसपैस खुर्च्या मांडलेल्या, प्रत्येक खुर्चीशेजारी सलाईनचा स्टँड, आणि एसी इतका की बाहेरच्या उन्हाचा विसर पडावा. केरळची सिस्टर, पांढऱ्या पोशाखात नखशिखांत झाकलेली, फक्त डोळे दिसत होते. "नाश्ता किया, आंटी?" तिने विचारलं. "किया," मी म्हटलं. तिने सुई लावली, बीपी बघितलं, आणि थेंब सुरू झाले.

माझ्या शेजारच्या खुर्चीत एक थोराड बांध्याची बाई होती. माझ्याहून थोडी मोठी असावी. डोक्यावरून ओढणी, हातात चांदीचं जाड कडं, आणि मांडीवर चक्क एक कंबल, तेही जूनमध्ये. तिचं सलाईन माझ्या आधी सुरू झालं होतं आणि ती आल्यागेल्या प्रत्येकाची चौकशी करत होती. मला बोलायचं नव्हतं. मी डोळे मिटून नामस्मरण करायला लागले.

थोड्या वेळाने तळहातांना खाज सुटली. मग डोक्यात, मग मानेवर. डोळे उघडून बघते तर दंडावर गांध्या उठलेल्या. आता कुणालाही वाटेल की डॉक्टरीणबाईंनी कालच सांगितलेलं बाईला आठवलं असेल. नाही आठवलं. माझ्या डोक्यात आलं ते एवढंच, की उपाशीपोटी पित्त उठलं. लहानपणापासून अंगावर गांधी उठली की आईचं एकच निदान, पित्त, आणि एकच औषध, आमसुलाचं पाणी चोळणं. रिकाम्या पोटी माझं पित्त खवळतंच. घरी गेले की आमसूल भिजत घालू, असा विचार करून मी पदर दंडावर ओढून घेतला. गरगरायला लागलं तेही उपासाच्या खाती टाकलं. आणि सिस्टरला सांगावं, तर ती आधी बिस्किटं आणून पुढे ठेवणार, मग उपास मोडणार, हेही मनात होतंच. तेव्हा मी तोंड शिवून बसले.

"ऐ बहण, यो तेरी बाँह पै के हो रया सै?" शेजारून आवाज आला. पदर घसरला होता.

"कुछ नहीं. व्रत है मेरा, पित्त हो गया है."

"व्रत? आज कौण सा व्रत सै?"

"वट का. हमारे यहां पूर्णिमा को होता है."

ती बाई माझ्याकडे बघतच राहिली. "वट का व्रत, अर सुई लगवा कै बैठी सै!" मग माझं उत्तर येण्याआधीच तिने तोंड फिरवून अशी आरोळी ठोकली की सगळा हॉल दचकला. "सिस्टर! भाज कै आ! इस बहण नै कुछ हो रया सै!" सिस्टर दुसऱ्या टोकाला कुणाची तरी सुई काढत होती. "आती हूं, आंटी, आती हूं," म्हणाली. या बाईला तेवढाही धीर नव्हता. ती उठली, आपला स्टँड एका हाताने ढकलत माझ्यापाशी आली, माझा हात उचलून सगळ्यांना दिसेल असा धरला आणि ओरडतच राहिली. मला तिचा भयंकर राग आला. कोण कुठली बाई, माझ्या व्रतात तिचं काय काम, असं मी मनात म्हटलं, आणि तेवढ्यात मला हुडहुडी भरली.

ती हुडहुडी साधी नव्हती. दात वाजत होते, खुर्ची हलत होती, आणि हातपाय माझे असूनही माझं ऐकत नव्हते. सिस्टरने येऊन पहिल्यांदा सलाईन बंद केलं. तरुण डॉक्टर धावत आला, "सांस ठीक है? गला तो नहीं घुट रहा?" मी मान हलवली. बीपी उतरलं होतं. दुसरं साधं सलाईन लावलं, दोन इंजेक्शनं दिली. माणसं भोवती वावरत होती, पण मला कुणाचे चेहरे दिसत नव्हते, सगळे झाकलेले. त्या क्षणी मी रेणुकेचा धावा केला असं लिहायला मला आवडलं असतं. मी केला तो संताप. आई, ही काय रीत झाली? उपाशी आले, विश्वासाने आले, आणि तू मला इथे परक्या लोकांत कुडकुडत ठेवतेस? माझं काय व्हायचं ते होवो, त्यांची किडनी मी तुला नेऊ देणार नाही. ऐकतेस का? नाही नेऊ देणार.

आणि माझ्या अंगावर ते कंबल पडलं. जड, खरखरीत, डांबराच्या गोळ्यांचा वास येणारं. त्या बाईने ते माझ्या पायाखाली घट्ट खोचलं, आणि मग माझे तळवे हातात घेऊन चोळायला लागली. आम्ही दोघी पॉझिटिव्ह, म्हणून एकमेकींना शिवायची भीती नव्हती. त्या वर्षी ही चैन फक्त आजाऱ्यांनाच होती. कितीतरी दिवसांत माझ्या अंगाला असा उघडा, उबदार हात लागला नव्हता. यांनीसुद्धा दाराआडूनच बशी ठेवली होती. तिचे हात खडबडीत होते आणि ती काहीतरी पुटपुटत होती, मला शब्द कळत नव्हते. माझा राग कुठे गेला ते मला समजलं नाही. पोटात, जिथे यांची किडनी आहे त्याच बाजूला, आईच्या मांडीवर डोकं ठेवल्यावर वाटतं तसं शांत शांत वाटायला लागलं. इंजेक्शनाचा गुण असेल. असो. त्या शांततेत मला कुणीतरी स्वच्छ सांगितलं, की तुझं भांडण मी ऐकलं आहे. कानांनी ऐकलं नाही, पण ऐकलं. यापलीकडे मला ते सांगता येत नाही आणि कुणाशी त्यावर वादही घालायचा नाही.

हुडहुडी थांबली, गांध्या मावळायला लागल्या, बीपी वर आलं. मग डॉक्टर खुर्चीपाशी येऊन बसला. निम्मं औषध आत गेलं होतं, निम्मं पिशवीत होतं. त्याने आमच्या डॉक्टरीणबाईंशी फोनवर बोलून घेतलं होतं. हा त्रास मध्यम स्वरूपाचा, श्वास आणि घसा ठीक, तेव्हा उरलेलं अगदी सावकाश, डोळ्यांसमोर ठेवून देता येईल. पुन्हा त्रास झाला तर मात्र कायमचं बंद. किंवा इथेच थांबायचं. "आप सोच लीजिए, आंटी. और सच बताइए, सुबह से कुछ खाया है?" मी नाही म्हटलं. तो रागावला नाही, पण म्हणाला, "तो पहले कुछ खाइए, पानी पीजिए. भूखे पेट मैं दोबारा शुरू नहीं करूंगा. आपकी किडनी का भी तो सवाल है."

मी यांना फोन लावला. फाटकाबाहेर उन्हात उभे होते, आवाज कापत होता. "पुरे झालं. बाहेर ये, आपण घरी जाऊ. अर्धं गेलंय ना, तेवढं बस." यांचा आवाज मी ऑपरेशनच्या दिवशीही असा ऐकला नव्हता. तेवढ्यात भाऊजींचाही फोन आला, यांनीच त्यांना कळवलं असावं. "वहिनी, हा संकेत आहे. व्रताच्या दिवशी आईने मध्येच थांबवलं. आता तरी ऐका. आणि निदान उपास मोडू नका, दादाच्या जिवाशी खेळ नको." शेवटचं वाक्य माझ्या काळजात रुतलं. उपास मोडला आणि यांना काही झालं तर? एका किडनीवरचा माणूस, घरात विषाणू, आणि बायको व्रत मोडून आलेली. मी हुशारीच्या कितीही गोष्टी करत असले तरी ती भीती माझ्या हाडात मुरलेली आहे. मी फोन ठेवला आणि पहिल्यांदा रडले.

शेजारच्या बाईला शब्द कळले नसतील, पण सूर कळला. "मराठी बोलै सै तू? मराठण सै?" मी हो म्हटलं. तर तिने कपाळाला हात लावून मला नमस्कारच केला. "हम भी रोड़ मराठे सैं. पानीपत धोरै गाम सै म्हारा. बड़े-बूढ़े न्यूं कहवैं, लड़ाई पाछै जो वापस कोन्या गए, हम उनके सैं." कंबलही तिकडचंच, मुलाचा कंबलांचा धंदा. मी वर्षानुवर्षं दिल्लीत राहते. पानिपत म्हटलं की आपल्या तोंडी एकच अर्थ, सगळं संपलं. अमक्याचं पानिपत झालं, म्हणजे तो उठला नाही. आणि त्याच पानिपतची ही बाई, लढाईनंतर जे तिथेच राहिले, उठले, जगले, शेतं केली, पोरंबाळं वाढवली, त्यांच्या वंशातली, माझ्यासमोर कंबल सारखं करत बसली होती. बोली बदलली, सण बदलले, वडाची तिथीसुद्धा बदलली. मी तिला विचारलं, "तुम्हारा वट तो अमावस को हो गया. जो पुरखे पूर्णिमा को करते होंगे, उनको पाप लगा होगा क्या?" ती हसली. "जीवैगी तो बरत करैगी ना, बावली! देवी के तिथि देख कै बेटी नै मारै सै?"

मग तिने पिशवीतून डबा काढला. चुरम्याचे लाडू, तुपाने माखलेले. एक माझ्या हातावर ठेवला आणि गप्प बसली. दिवसभरात पहिल्यांदाच ती गप्प बसली.

मी त्या लाडवाकडे बघत राहिले. भाऊजी म्हणत होते, हा थांबण्याचा संकेत. मी मनातल्या मनात कमरेवर हात ठेवले. आई, मला थांबवायचंच असतं तर तू मला एकटीला कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवलं असतंस. मी पदर ओढून गप्प राहिले असते आणि कुणाला कळलं नसतं. तू माझ्या शेजारी नेमकी ही गळा काढणारी बाई बसवलीस. म्हणजे तुला मी जगायला हवी आहे. मग जगण्याच्या आड माझा उपास येत असेल, तर तो हट्ट माझा आहे, तुझा नव्हे. मी यांच्यासाठी काहीतरी सोडायला निघाले होते ना? अन्न सोडणं सोपं होतं. आज हा उपासच तुझ्या पायांवर सोडते. पाप लागायचं असेल तर मला लागू दे, यांना हात लावायचा नाही. यांना काही झालं तर तुझी माझी गाठ आहे.

एवढं बोलून मी लाडू खाल्ला. अख्खा खाल्ला. वर दुसरा मागून घेतला, पाण्याची बाटली संपवली, आणि सिस्टरला म्हटलं, "चालू करो."

उरलेलं औषध थेंब थेंब करत संध्याकाळपर्यंत चाललं. मला पुन्हा थोडी कणकण आली, डोकं दुखलं, बाकी काही झालं नाही. त्या बाईचं सलाईन कधीच संपलं होतं, तिचा लक्ष ठेवायचा वेळही संपला होता, तरी "अभी चक्कर आवैं सैं" असं सिस्टरला खोटं सांगत ती बसून राहिली. चक्कर वगैरे काही नव्हती, ते तिला, मला आणि सिस्टरलाही माहीत होतं. शेवटी माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा तिची खुर्ची रिकामी होती आणि कंबल माझ्या अंगावर. अशा गोष्टींत पुढे असं येतं, की चौकशी केली तर तिथे तशी कुणी बाई आलीच नव्हती. मी चौकशी केली. सिस्टर म्हणाली, "वो आंटी? उनका बेटा गाड़ी लेकर आया, इतना डांट रहा था उनको!" ती अंतर्धान पावली नाही, मुलाची बोलणी खात पानिपतला गेली. माझी श्रद्धा त्याने कणभर कमी झाली नाही. उलट देवी गाडीत बसून घरी गेली, हे मला जास्त पटतं.

पुढे दोन-तीन दिवस ताप आला, सांधे ठणकले, अंगातली शक्ती गेल्यासारखी झाली. मग हळूहळू सगळं उतरलं. आजार छातीत उतरला नाही. किडनीच्या तपासण्या ठीक आल्या. हे औषधाने झालं की आईने केलं, असं मला लोक विचारतात. मी त्यांना विचारते, की औषध मला कुणी घेऊ दिलं?

यांना मी त्याच संध्याकाळी गाडीत सांगितलं होतं. कबुतरांचे पोहे, पित्त, लाडू, सगळं. हे समोर बघून गाडी चालवत राहिले. मग म्हणाले, "माझी किडनी तू आज उपाशी ठेवलीस, हे मला आवडलं नाही." एवढंच. भाऊजींना मात्र मी स्वतः फोन करून सांगितलं, "उपास मोडला, आणि दादाला काही होणार नाही, तशी माझी बोलणी झाली आहेत." त्यांना ते उद्धटपणाचं वाटलं. असेलही. पण खरं सांगते, नंतर कितीतरी दिवस यांना साधा ठसका लागला तरी मी उठून दाराशी जायची. मी दाराआडून कान देऊन यांचा श्वास ऐकत बसायची. माझ्या हातात त्यांच्यासाठी करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. उपास नव्हता, नवस नव्हता, सौदा करायला एकही वस्तू नव्हती. नुसतं तिच्यावर सोपवून बसायचं, हे मी जन्मात केलं नव्हतं. शरण जायचं म्हणजे गयावया करायची, असं मी समजत आले होते. त्या दिवसांत मला कळलं, की आपल्या हाताने मूठ उघडायला भांडण्यापेक्षा जास्त छाती लागते. यांना काहीही झालं नाही.

पुढच्या वटपौर्णिमेला सकाळी यांनी स्वतः थालीपिठं लावली. माझ्यासमोर ताट ठेवून, मी शेवटचा घास खाईपर्यंत कमरेवर हात ठेवून उभे राहिले. मग मी तृप्त पोटाने, कपाळाला मोठं कुंकू लावून, दोऱ्याचं रीळ घेऊन वडाकडे निघाले. शेजारणीने विचारलं, "आप तो खाना खाकर जा रही हैं?" मी म्हटलं, "हां जी, खाकर. मेरी देवी भूखे पेट वालों से बात नहीं करती."